अकराव्या मजल्यावरचा सोफा

आमच्या जामखेडात थंडी पहिल्यांदा टाचांना कळते. मग ज्वारी पोटरीत येते, तुरीच्या शेंगा खुळखुळायला लागतात, खर्ड्याच्या रस्त्याने सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन येणारे गडी कानाला टॉवेल गुंडाळून येतात आणि मी कपाटातला तपकिरी स्वेटर काढतो. यंदाही काढला. अंगात घालून सवयीने खिशात हात घातला, तर उसवलेल्या शिवणीत इतकी वर्षं अडकून राहिलेला, घडी घातलेला एक कागद लागला. वहीचं पान, त्यावर माझं अक्षर. ‘डिने म्हणजे नाही. केन म्हणजे ठाऊक असणे. बेर्न म्हणजे लेकरू. वी म्हणजे इवलंसं.’ प्रत्येक शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ. लाल पेन्सिल मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांसाठी वापरली. स्वतःच्या अभ्यासासाठी वापरल्याचं हे एकच उदाहरण सापडेल.

कागद हातात धरून मी बराच वेळ पलंगावर बसून राहिलो. त्या हिवाळ्याला आता पाच वर्षं होतील. त्या एका थंडीत मी एकच सिनेमा नऊ-दहा वेळा पाहिला. एरवी मी सिनेमाच्या वाटेला न जाणारा माणूस. एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, निवृत्त झालो, आणि साठीनंतर सातासमुद्रापलीकडच्या दोन बेकार माणसांच्या नादी लागलो. का लागलो, तर माझ्या नातीने माझ्याशी पुन्हा बोलावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

सिनेमा स्कॉटलंडचा, विनोदी. गोष्ट एका वाक्याची: दोन मित्र फुकट मिळालेला एक जुना सोफा अकराव्या मजल्यावर चढवतात, आणि लिफ्ट बंद आहे. इमारत सरकारने गरिबांसाठी बांधलेली, राखाडी, ओल धरलेली. जिन्यात कुणी कुणी लघवी करून ठेवलेली, भिंतींवर शिव्या. गोदी बंद पडल्यापासून गावात कुणाला काम नाही. दोघांतला जाडा दारू पितो. लुकड्याने ती सोडलेली आहे, म्हणून तो सदा चिडलेला. दम लागला की ते सोफा टेकवतात आणि त्यावरच बसतात. मग त्या मजल्यावरचं कुणी ना कुणी दार उघडून बाहेर येतं, तेही बसतं, भांडतं, हसतं, बिडी मागतं. अख्खा सिनेमा जिन्यातच घडतो.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मला चूक ऐकवत नाही. भाजीवाल्याच्या पाटीवर ‘शेवगा’ चुकीचा लिहिलेला असेल तर मी शेवगा घेत नाही. शाळेत माझा एक नियम होता. मधल्या सुट्टीआधी एखादं पोरगं उठून म्हणायचं, “सर, पानी पिऊ का?” मी म्हणायचो, “पाणी. नळापाशी जा, दहा वेळा ‘पाणी’ म्हण, मग पी.” मेच्या आधीचे ते भाजणारे दिवस, शिऊर-साकतहून पायी आलेली पोरं, नळ समोर, आणि ती ‘पाणी, पाणी’ म्हणत उभी. खिडकीतून मी मोजायचो. एखाद्याने आठातच तोंड लावलं तर परत बोलवायचो. याला मी संस्कार म्हणत असे आणि शिक्षकदिनाच्या भाषणात अभिमानाने सांगत असे.

घरातही तेच. कुसुम, माझी बायको, खर्ड्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. सातवी शिकलेली. पाहुणे आले की ती दारातून म्हणायची, “आवो, पाव्हनं आल्यात.” मी पाहुण्यांदेखत म्हणायचो, “पाहुणे आले आहेत.” ती “व्हय, पाहुणे,” म्हणून हसायची आणि चहा टाकायची. पुढे पुढे ती पाहुण्यांसमोर बोलेनाशीच झाली. मला वाटलं, शहाणी झाली.

आमची एकुलती एक मुलगी स्वाती. ती स्कॉटलंडातल्या एका बंदराच्या गावी दवाखान्यात काम करते, जावईही तिथेच. त्यांची मुलगी रेवा. रविवारी दुपारी साडेतीनला फोन यायचा. तिकडे तेव्हा सकाळचे दहा. फोन कुसुमचा असायचा. रेवा तिच्या त्या गरगर फिरणाऱ्या इंग्रजीत काहीतरी सांगत सुटायची आणि कुसुम म्हणायची, “व्हय गं माझी बाय. मंग? मंग काय झालं?” एवढ्या भांडवलावर दोघी अर्धा अर्धा तास चालवायच्या. काय कळत होतं एकमेकींचं देव जाणे. मी पेपराआडून म्हणायचो, “अगं, तिला इंग्रजीत विचार.” कुसुम फोनवर हात ठेवून म्हणायची, “तुमी वाचा की पेपर.”

त्या वर्षी श्रावणात कुसुम गेली. सकाळी तुळशीला पाणी घालून आली, पायरीवर बसली, “जरा पडते,” म्हणाली, आणि पडलीच. दिवस झाले, पाहुणे गेले, स्वाती आली तशी गेली. नंतर घरात भांडं पडलं तरी ‘काय पडलं?’ विचारणारं कुणी उरलं नाही. एकटेपणा हा शब्द मी शेकडो निबंधांत तपासला होता. काना-मात्रा बरोबर असल्या की मार्क देऊन पुढे जात होतो. आता तो दुपारी दोनला जेवणाचं ताट घासताना भेटायचा. एका माणसाचं ताट घासायला वेळच किती लागतो? आणि मग संध्याकाळपर्यंत करायचं काय?

रविवारचा फोन माझ्याकडे आला. रेवा तेव्हा सहा वर्षांची होती. आजी नाही हे तिला कळलं होतं, पण फोन उचलणारं कुणी आहे म्हटल्यावर ती माझ्याशीही बोलायला लागली. दिवाळीनंतरचा एक रविवार. ती शाळेच्या मैदानातली गोष्ट सांगत होती. समुद्रावरचा एक मोठा पांढरा पक्षी, सीगल, तिच्या हातातलं सँडविच पळवून घेऊन गेला होता. गोष्ट रंगात आली होती, ती पक्ष्याचा आवाज काढत होती, धावल्यासारखी धापा टाकत होती. आणि मला तिच्या बोलण्यातला एकेक चुकलेला शब्द काटा रुतावा तसा रुतत होता. मी थांबवलं. “नॉट डिने, बाळा. डू नॉट. से इट अगेन.” तिने म्हटलं. गोष्ट पुढे गेली, मी पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा थांबवलं. चौथ्यांदा मी म्हटलं, “पूर्ण वाक्य पहिल्यापासून.”

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग काहीतरी पुटपुटणं, मग दार लोटल्याचा आवाज. मला वाटलं, लक्षात आलं पोरीच्या; पुढचं पुढच्या रविवारी घेऊ.

पुढच्या रविवारी ती आंघोळ करत होती. त्याच्या पुढच्या रविवारी चित्र काढत होती. मग झोपली होती, सकाळी दहाला. चौथ्या रविवारी मी स्वातीला म्हटलं, “अगं, तिला दोन मिनिटं दे तरी.”

स्वाती म्हणाली, “बाबा, स्पष्ट सांगू? ती म्हणते, आजोबांना मी आवडत नाही.”

“आवडत नाही? मी तिला सुधारत होतो.”

“ती चुकतच नाहीये, बाबा. इथे तिच्या वर्गातली सगळी मुलं तशीच बोलतात. शेजारची म्हातारी तशीच बोलते. ती भाषा आहे इथली. तुम्ही आईलाही असंच…” पुढचं ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. निदान मी काहीतरी उलट बोललो असतो. संध्याकाळी तिने तो सिनेमा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हा बघा. इथली माणसं कशी बोलतात ते ऐका. पेन्सिल न घेता ऐका.’

स्वातीचा जुना लॅपटॉप घरात होता. दुपारी जेवण झाल्यावर दार लोटून, कानाला हेडफोनचं ते टोपण लावून मी बसलो. पहिल्या वीस मिनिटांत मला एक शिवी आणि ‘नो’ एवढं कळलं. खाली अक्षरंही येत नव्हती. जाडा बोलतोय, लुकडा बोलतोय, तिसऱ्या मजल्यावरची एक बाई दोघांना झाडू दाखवून बोलतेय आणि मी, जिल्ह्याच्या इंग्रजी प्रशिक्षणात इतरांना शिकवायला जाणारा तज्ज्ञ मार्गदर्शक, तोंड उघडं टाकून बसलोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माझी नात याच भाषेत हसत होती, रडत होती, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला.

हरिबा आला तो याच दिवसांत. उघड्या दारातून आत डोकावत म्हणाला, “मास्तर, हायसा का?” सत्तरीचा, वाळून खडखडीत झालेला, तोंडात पुढचे चार दात नाहीत. तीस वर्षं तमाशाच्या फडात सोंगाड्या होता. गवळणीतली मावशी करायचा, म्हणजे लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन कृष्णाशी हुज्जत घालायची आणि लोकांना हसवायचं. फड मोडला, बायको आधीच गेलेली, पोरबाळ नाही. आठवडी बाजाराच्या मागे पत्र्याच्या एका खोलीत तो राहत होता. म्हाताऱ्या कलावंतांना सरकारी मानधन मिळतं, त्याचा अर्ज त्याला माझ्याकडून भरून हवा होता. अर्ज एकदा देऊन झाला होता आणि परत आला होता.

“का परत आला?” मी विचारलं.

त्याने पिशवीतून एक फोटो काढला. नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, कमरेवर हात, मान वाकडी. “कला सादर करतानाचा फोटू लावा म्हनले. माझ्यापाशी ह्यो एकच. त्यो सायेब म्हनला, ह्या बाईचा अर्ज येगळा द्या. मी म्हनलं, सायेब, ह्यी बाय मीच हाय. म्हनला, मंग आधार कार्डावर बाप्या कसा? म्हनलं, करून दावू का? आनि तितंच टावेल घेतला डोक्यावर. समदं हापिस हसून लोळलं, मास्तर. टाळ्या पडल्या. अर्ज मातर माघारी दिला.”

हे सांगताना त्याने माझ्या घरातला टॉवेलही डोक्यावर घेतला होता. श्रावणानंतर त्या घरात कुणीतरी पहिल्यांदा हसलं. तो मीच होतो, हे कळायला मला एक क्षण लागला.

मी अर्ज लिहीत होतो तोवर लॅपटॉपवर सिनेमा थांबवलेला होता. हरिबाने विचारलं, “ह्ये काय हाय?” मी म्हटलं, इंग्रजी सिनेमा, तुम्हाला नाही कळणार. तो खुर्ची सोडून खाली फरशीवर मांडी घालून बसला. “लावा तर.”

चौथ्या मजल्यावर गंमत आहे. लुकड्याला सरकारकडून भत्ता मिळतो तो पाठीचं दुखणं आहे म्हणून, वजन उचलता येत नाही म्हणून. आणि नेमकी त्या खात्याची बाई, हातात फाईल, जिना चढून येते. सोफा लुकड्याच्या खांद्यावर आहे. क्षणात तो सोफा टाकतो, त्यावर आडवा होतो आणि विव्हळायला लागतो. जाडा त्याच्या कपाळावर हात ठेवतो. मी थांबवून हरिबाला हे सगळं शुद्ध मराठीत समजावून सांगायला लागलो. भत्ता म्हणजे काय, खातं कोणतं, पाठीच्या कण्याला काय म्हणतात.

“मास्तर,” हरिबा म्हणाला, “तुमी मदी बोलू नका. मानूस हसंपतूर तुमचं भाषांतर आडवं येतंय. ह्ये मला समदं कळतंय. ह्यी बतावनीच हाय.” बतावणी म्हणजे तमाशातला तो हजरजबाबी विनोदी संवाद. आणि मग त्याने स्वतःच दोघांचं बोलायला सुरुवात केली. त्यांचे ओठ हलायचे आणि जामखेडची भाषा माझ्या शेजारून यायची. जाडा ओरडला: “आरं खालनं धर!” लुकडा उलटला: “जलमभर खालनंच धरलंय, आज तरी वरनं धरू दे!” पुढे मी स्वातीला विचारून खात्री करून घेतली. शब्द तेच नव्हते, पण भांडण तेच होतं.

त्या हिवाळ्यात हरिबा दोन-तीन दिवसांआड यायचा. येताना कधी हुरड्याची कणसं, कधी कुणाच्या बांधावरची बोरं. अंगणात ऊन पायांवरून गुडघ्यांवर येईपर्यंत आम्ही सिनेमा बघायचो. पाचव्या मजल्यापर्यंत तो हसवायचा. सहाव्यावर मात्र तो बोलणं बंद करायचा.

सहाव्या मजल्यावर एक म्हातारा राहतो. दाराला तीन कड्या. तो एकेक काढत बाहेर येतो, हातात कप, आणि न विचारता सोफ्यावर दोघांच्या मधोमध बसतो. मग कुत्र्याबद्दल बोलायला लागतो. कुत्रा मेलेला आहे, बहुधा फार वर्षांपूर्वी. दोघांना घाई आहे, पाऊस जिन्यात येतोय, जाडा तर खालीच बघतोय. लुकडा पहिल्यांदा वैतागतो, आणि मग हळूच घशातून आवाज काढायला लागतो. दर वाक्याला एक. म्हातारा सैल होतो, कप खाली ठेवतो, हातांनी कुत्रा केवढा होता ते दाखवतो. तो काय सांगतो ते मला शेवटपर्यंत पुरतं कळलं नाही. तिथे मला रडू आलं. हरिबाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने म्हणाला, “बगितलं का, हुंकारा देतोय त्यो. आमच्या फडात नव्या गड्याला आदी हुंकारा शिकवायचे, बोलायचं मागनं. राजा कितीबी मोटा आसू द्या, म्होरच्यानं हुंकारा न्हाई दिला तर त्यो राजा भितीसंगं बोलतोय आसं दिसतं.”

मी विचारलं, “आणि राजा चुकीचं बोलला तर?”

“तर जास्तीच द्यायचा. त्याला ठावं आसतंय की आपून चुकलो. आपल्याला त्याची गोष्ट पायजे, का परीक्षा घ्यायचीय त्याची?”

मग मी त्याला रेवाचं सगळं सांगितलं. चार रविवार, सीगल, से इट अगेन. ऐकताना तो दर वाक्याला ‘हां’ म्हणत होता, आणि मी जे स्वातीलाही सांगितलं नव्हतं तेही सांगून बसलो: कुसुम फोनवर बोलायची तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा.

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. हरिबा फडातले किस्से सांगायचा आणि मी नुसता हुंकारा द्यायचा, एवढाच अभ्यास. घोडेगावच्या बाजाराहून येताना बैलगाडीत मावशीचं लुगडं कसं राहिलं, कुठल्या जत्रेत लोकांनी तंबूचे दोर कापले. सोपं वाटतं. तो ‘पानी’ म्हणाला की माझी जीभ टाळूला जाऊन टेकायची. दोनदा तोंडातून निघालंच, “पाणी.” हरिबा गोष्ट तिथेच थांबवायचा आणि फरशीवर बोटाने टकटक करायचा. जित्याची खोड, दुसरं काय! पण आठवडाभराने सुटली. मग मी त्या कागदावर रेवाचे शब्द लिहून पाठ केले. एखाद्या दुपारी ताट घासताना मी मोठ्याने म्हणायचो, “आय डिने केन,” आणि स्वतःलाच हसायचो.

खरं तर नळापाशी उभी राहिलेली पोरं त्या दिवसांत मला फार आठवायची. आता त्यातलं कोण टेम्पो चालवतं, कोण पुण्याला कंपनीत आहे. रस्त्यात भेटले की पाया पडतात, आणि माझ्याशी बोलताना अजूनही ‘ण’ जपून उच्चारतात. पूर्वी मला ते बरं वाटायचं. त्या हिवाळ्यात एकाला मी म्हटलं, “अरे, बोल की घरच्यासारखं.” तो गोंधळला. “आहे ना सर, चाललं आहे व्यवस्थित,” असं म्हणून घाईघाईने गेला. नगरला कुणी विचारलं, जामखेड कुठे, तर लोक सांगतात, जिल्हा संपतो तिथे. असल्या काठावरच्या गावातही मी आणखी एक काठ आखला होता, आणि पोरांना त्याच्या पलीकडे उभं करून ठेवलं होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी स्वातीचा फोन आला. “बाबा, रेवाला तुमच्याशी बोलायचंय. तीच म्हणाली.” हरिबा आलेला होता. तो उठून ओट्यावर जाऊन बसला. “तुमचं तुमी बोला,” म्हणाला.

“गुड मॉर्निंग, ग्रँडफादर.” एकेक शब्द सुटा, धुऊन पुसून ठेवलेला. “आय ॲम व्हेरी वेल, थँक यू. हाऊ आर यू?”

तो आवाज मला ओळखीचा होता. तपासणीला साहेब येणार असले की मुलं याच आवाजात उत्तरं द्यायची. मी म्हटलं, छान आहे, बाळा, आणि मग तिच्या भाषेत म्हटलं, मला ती सीगलची गोष्ट सांग, काय झालं ते ‘आय डिने केन’.

ती हलक्या, समजुतीच्या सुरात म्हणाली, “नो, ग्रँडफादर. आय डू नॉट नो.”

मी म्हटलं, हं.

“अ बर्ड टुक माय सँडविच. आय वॉज सॅड.”

मी हुंकारा दिला. थांबलो. पुन्हा दिला. पुढे काही आलं नाही. गोष्ट दोन वाक्यांत संपली होती, दोन्ही वाक्यं बिनचूक. पक्ष्याचा आवाज नाही, धाप नाही. मग तिने हळूच विचारलं, सगळं बरोबर बोलले का मी? नंतर स्वातीने सांगितलं, तीन आठवडे ती रोज शाळेतून आल्यावर आईला म्हणायची, आजोबांसारखं बोलायला शिकव. मी तिकडे जायला निघालो होतो, आणि ती त्याच वेळी इकडे निघाली होती. तिला काय सांगायचं होतं? चूक मला आवडेल आता, असं? सहा वर्षांच्या पोरीला, जिने तीन आठवडे घोकंपट्टी केली होती? मी म्हटलं, “व्हेरी गुड, बाळा. एव्हरीथिंग राइट.” ती खूश झालेली मला ऐकू आली.

बाहेर आलो तर हरिबा तसाच बसलेला. “बोलली?”

“बोलली.”

“मंग?”

मी सांगितलं. तो “म्हंजी पोरगी तुमच्या शाळंत येऊन बसली म्हना,” म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या एखाद्या वाक्याला मला हसू आलं नाही.

सिनेमाचा शेवट मी सांगितला नाही. अकराव्या मजल्यावर सोफा पोहोचतो, पण लुकड्याच्या घराच्या दारातून आत जात नाही. दार लहान पडतं. आडवा करून बघतात, उभा करून बघतात, पाय काढून बघतात. शेवटी तो बाहेरच्या बोळातच राहतो आणि मजल्यावरचे लोक येता-जाता त्यावर बसतात. स्वातीच्या मते हा आनंदाचा शेवट आहे. हरिबाचंही तेच मत होतं. मला वाटतं, तो लुकडा आत, रिकाम्या खोलीत, फरशीवर बसलेला असतो ते कुणी बघत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हरिबा आष्टीकडे पुतणीकडे राहायला गेला. मानधनाचं पुढे काय झालं ते कळलं नाही. त्याच्याकडे फोन नव्हता, आणि पुतणीचा नंबर मी लिहून घ्यायला हवा होता तो घेतला नाही. सिनेमा एकट्याने एकदा लावून बघितला. दोघे इंग्रजीत भांडत होते. बंद केला.

रेवा आता अकरा वर्षांची आहे. रविवारी साडेतीनला ती न चुकता फोनवर येते. अभ्यास, हवामान, पुस्तक कोणतं वाचलं, सगळं सांगते, नेटकं आणि थोडक्यात. स्वाती म्हणते, जगात ती कुणाशीच असं बोलत नाही, फक्त तुमच्याशी. मी दोन-चारदा सांगून पाहिलं, बाळा, बोल तुझ्यासारखं. ती नम्रपणे म्हणते, “दिस इज ओके, ग्रँडफादर.” जुने विद्यार्थी निदान रस्ता ओलांडून निघून तरी जातात.

“गुडबाय, ग्रँडफादर,” म्हणून झालं की ती फोन कुठेतरी टाकून देते, बहुतेक वेळा बंद करायचं विसरून. आणि मग तिचा खरा आवाज सुरू होतो. आईला हाक, मैत्रिणीशी काहीतरी, खदखदून हसणं, शिव्यासुद्धा. ‘डिने’ येतं, ‘वी’ येतं, मला आता जवळजवळ सगळं कळतं. परवाच्या रविवारी ती वर्गातल्या कुणाची तरी नक्कल करत होती, आणि आईला म्हणत होती, थांब, मधे बोलू नकोस, पुढचं तर ऐक. मी फोन कानाला लावून पलंगावर बसून असतो. श्वास हळू घेतो. थंडीचे दिवस आहेत, खोकला येतो. आला तर तोंडावर हात दाबून धरतो. मी ऐकतोय हे तिला कळलं, तर ती लगेच नीट बोलायला लागेल.